सातव्या श्रेणीचा समारोप

सोमवार, ७ ऑक्टोबर

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या कालवे विभागातल्या एका इंजिनिअरनं गव्हर्नरांच्या सल्लागाराला परस्पर, मला न दाखवता मेल पाठवला. मजकूर झडपांच्या दुरुस्तीचा. शेवटी: 'तुझ्या मानेवर एक पापा.' बायकोला लिहिलेल्या मेलचा शेवट चुकून चिकटला. सल्लागाराचं उत्तर आलं, 'झडपा मंजूर.' खाली काहीच नाही. नक्कल सगळ्या अरेकीपा शहराला गेली असावी.

दुपारी व्यवस्थापक बाल्बी यांनी बोलावलं. ते लिमाचे इंजिनिअर, वय चौतीस; मला मानानं नावाआधी 'दोन' लावतात.

"दोन सातुर्निनो, मेल कसा संपवायचा हे या कार्यालयात फक्त तुम्हाला कळतं."

"चौदा वर्षं तेच करतोय, इंजिनिअर."

"मग ते सगळं कागदावर आणा. मार्गदर्शिका करा. म्हणजे तुम्ही नसलात तरी अडणार नाही."

"मी कुठे जाणार?"

"तसं नाही हो. रजेवर वगैरे."

"मी रजा घेत नाही."

"तेच तर," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

मी जावक विभागात आहे. बाहेर जाणारा प्रत्येक मेल माझ्या नजरेखालून जातो. चौदा वर्षं, तीन-तीन महिन्यांचे छप्पन्न करार. चालू करार ३१ डिसेंबरला संपतो. जानेवारीत एक कायम जागा निघणार असं ऐकतो. मार्गदर्शिका आत्ताच का हवी, हे समजायला फार हुशारी लागत नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

बायकोला, ग्रिमानेसाला सांगितलं. ती चायरोचं सूप ढवळत होती.

"छान," ती म्हणाली. "परवा तू मला निरोप पाठवलास. 'उशीर होईल. सादर.'"

"घाईत होतो."

"घाईत माणूस 'सादर' विसरतो, सातुर्निनो."

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बाल्बींचा मेल. शेवट: 'एक आलिंगन.'

नोंद करून ठेवतो. गेल्या वर्षी रुजू झाले तेव्हा ते मला 'नम.' लिहीत. लिमाच्या लोकांना 'नमस्कार' पूर्ण लिहायला वेळ नसतो. मार्चमध्ये 'नमस्कार' झालं. जूनमध्ये 'सस्नेह'. आता आलिंगन. चढण स्पष्ट आहे.

मेल मी खालून वाचायला सुरुवात करतो. वर सगळं कामाचं असतं. माणूस खाली असतो. या मेलमध्ये वर मनुष्यबळाची पुनर्रचना, दुहेरी कामं टाळणं वगैरे होतं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सहा श्रेणी केल्या.

पहिली गव्हर्नर आणि बिशप यांची: 'दुसरे विशेष काही नसल्याने, या निमित्ताने आपल्याविषयीचा माझा अत्युच्च आदर व वैयक्तिक स्नेह पुनश्च व्यक्त करण्याची संधी घेतो.' त्यातला 'वैयक्तिक' हा शब्द बिशपसाठी ठेवावा की नाही, यावर सकाळ गेली. ठेवला.

दुसरी व्यवस्थापकांची. तिसरी 'सस्नेह'. चौथी 'सादर'. पाचवी ठेकेदारांची, 'नमस्कार'. सहावी तक्रारदारांची, 'सा.' तक्रारदाराला पूर्ण शब्द लिहिला तर अर्धी तक्रार मान्य केल्यासारखी वाटते.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या सेन्योरा सेनोबिया तिकोना मसुदा वाचून गेल्या.

"मी कितव्या श्रेणीत?"

"चौथ्या. सादर."

"आणि तुम्ही?"

"तिसऱ्या."

"आपला करार सारखा, पगार सारखा, संडासाची किल्लीसुद्धा एकच."

"जावक विभाग बाहेरच्या जगाशी बोलतो, सेन्योरा."

"मी उंदरांशी बोलते. ते शेवटी काही लिहीत नाहीत. कुरतडतात आणि जातात."

विनोद बरा होता. श्रेणी बदलली नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कायदा विभागाचे डॉक्टर बेदोया आले. ते वकील; इथे वकिलालाही डॉक्टर म्हणतात, नाडी त्यांना कळत नाही. त्यांची अडचण अशी: कुठल्याशा कार्यालयानं एकाला काढलं. तो न्यायालयात गेला. पुरावा म्हणून त्यानं एक मेल दाखवला. शेवटी होतं, 'लवकरच भेटू.' न्यायाधीशानं ते वचन मानलं. माणूस परत कामावर.

"म्हणून एक सातवी श्रेणी हवी," बेदोया म्हणाले. "जाणाऱ्यांची. त्यांना आशा वाटेल असं खाली काही नको."

"जाणाऱ्यांना कळवल्यानंतर की आधी?"

"कळवणं हा वेगळा विषय आहे."

एका बैठकीत लिहिलं. पान ११, परिच्छेद ४: 'ज्यांच्या करारास मुदतवाढ दिली जाणार नाही, त्यांना करार संपण्याच्या तीस दिवस आधीपासून कोणताही समारोप लिहू नये. अशा व्यक्तींनी स्वतः "आपल्या कृपाळू उत्तराच्या प्रतीक्षेत" हा समारोप वापरू नये. उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते.'

बेदोयांनी दोनदा वाचलं. "तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

मार्गदर्शिकेतला हा सर्वांत स्वच्छ परिच्छेद आहे. एकही शब्द काढता येत नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

उद्या सर्व संतांच्या सणाची सुट्टी, म्हणून पावाच्या बाहुल्यांचा दरसालचा लुटुपुटीचा बाप्तिस्मा आज कार्यालयातच झाला. बाल्बी पाद्री. फायलींवर टाकायचं पांढरं कापड त्यांच्या खांद्यावर. हातात बडीशेपेच्या दारूची बाटली. लिमात हे करत नाहीत म्हणाले, पण शिंपडण्यात कसर केली नाही.

सेनोबियाबाईंनी बाहुली आणली होती. रंगवलेलं तोंड, गालांवर लाल ठिपके, अंगाला तिळाचा वास. धर्मपिता व्हा म्हणाल्या. मी बाहुली हातांवर धरली.

"बाळाचं नाव काय ठेवायचं?" बाल्बींनी विचारलं.

"मुदतवाढ," सेनोबियाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाल्बींचा हात बाटलीसकट हवेत थांबला. मग तेही हसले, जरा मोठ्यानं.

"आता तुम्ही माझे कोम्पाद्रे, मी तुमची कोमाद्रे," बाई मला म्हणाल्या. "मूल पावाचं असलं तरी नातं पावाचं नसतं, दोन सातुर्निनो. पुढच्या वर्षी विसरायचं नाही."

"विसरणार नाही, कोमाद्रे."

मग मुदतवाढीचे तुकडे केले. डोकं त्यांनी घेतलं. पाय मला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मार्गदर्शिका मंजूर. संगणक विभागाच्या शेर्ली आपासानं ती यंत्रात बसवली. पाठवणारा मजकूर लिहितो. समोरच्याची श्रेणी पाहून समारोप यंत्र घालतं. चुकीचा लिहिला तर मेल परत येतो, कुठल्या पानावरचा कुठला नियम मोडला ते सांगून. माझी वाक्यं, माझे परिच्छेद-क्रमांक.

"म्हणजे मेल आता जावककडे यायला नकोत?"

"नाही. सरळ जातील."

"आणि मी?"

शेर्ली पडद्याकडे बघत राहिली. "तुम्ही... देखरेख."

देखरेख. तिनं स्वतःहून शब्द वापरला. वर काहीतरी बोलणं झालं असणार.

यंत्र उद्यापासून सुरू. संध्याकाळी बाल्बींचा मेल. शेवट: 'एक घट्ट आलिंगन.' घट्ट! वर, जावकचं टेबल जानेवारीपासून दुसऱ्या कामाला लागेल असं काहीतरी. टेबल तसं जुनंच आहे. नवं मिळेल.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सेनोबियाबाई सकाळीच आल्या. हातात सहा-सात मेल छापून आणलेले.

"कोम्पाद्रे, हे बघा. शुक्रवारपासून मला येणाऱ्या मेलना शेपूट नाही."

मी पाहिलं. मजकूर, मग कोरी जागा, मग नाव. त्यांचा करार १५ डिसेंबरला संपतो. पान ११, परिच्छेद ४.

"यंत्राचा बिघाड असेल," मी म्हणालो.

"सगळ्यांनाच झालाय?"

"काहींना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी कागद व्यवस्थित एकावर एक रचून परत दिले.

"दुरुस्त झाला की सांगा," म्हणाल्या आणि गेल्या.

कळवण्याचं काम मनुष्यबळ विभागाचं आहे. मी सांगितलं असतं तर तो अधिकाराबाहेरचा वापर झाला असता. शिवाय यादी बदलूही शकते. मग मी एका बाईला उगाच घाबरवलं असं झालं असतं. कारणं सगळी बरोबर आहेत. तीनदा तपासली.

दुपारी चाकेचं सूप घेतलं, पण वाटी तशीच ठेवली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज आलेल्या प्रत्येक मेलच्या खाली पाहिलं. सस्नेह. सस्नेह. सस्नेह. बरं वाटलं. बरं वाटलं, याचं बरं वाटलं नाही.

रेकॉर्डच्या बाजूचा जिना टाळतो. दुसऱ्या जिन्यानं चोवीस पायऱ्या जास्त पडतात.

सोमवार, २ डिसेंबर

आठ मेल आले. एकाच्याही खाली काही नाही. बाल्बींच्या मेलच्याही नाही.

शेर्लीकडे गेलो. "सेन्योरिता, यंत्र बिघडलंय."

"नाही बिघडलं, दोन सातुर्निनो."

"माझ्या मेलना समारोप नाही."

"माहितीय."

"मग?"

"मी फक्त यादी चढवते. यादी वरून येते."

"मग यादी चुकलीय."

"तसं लेखी द्या." तिनं खणातून चॉकलेट काढून माझ्यापुढे सरकवलं. का, कळलं नाही. वाढदिवस नव्हता कुणाचा.

कागदावर लेखी दिलं. खाली 'सस्नेह' लिहिलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

उलगडा झाला. जो कायम होतो त्याचाही करार संपतोच. ३१ तारखेला करार संपणार, १ तारखेला कायम नेमणूक. त्यामुळे कागदोपत्री मी सातव्या श्रेणीतून जाणं भाग आहे. नियमात अशा व्यक्तींसाठी अपवाद ठेवायला हवा होता. ती त्रुटी माझी.

ग्रिमानेसाला समजावून सांगितलं. तिनं हातातला बटाटा सोलायचा थांबवला.

"म्हणजे तुला काढलं."

"तांत्रिकदृष्ट्या करार..."

"सातुर्निनो. काढलं."

"तू मार्गदर्शिका वाचलेली नाहीस."

"नाही. मी तुला वाचते. बत्तीस वर्षं."

शुक्रवार, १३ डिसेंबर

सेनोबियाबाईंचा शेवटचा दिवस. पंधरा तारीख रविवारी येते. रेकॉर्डमध्ये गेलो. त्या खोक्यात चहाचा कप, चप्पल आणि एक कॅलेंडर भरत होत्या.

"या, कोम्पाद्रे. बिघाड दुरुस्त झाला का?"

"नाही. मलाही झालाय."

"माहितीय. यादी फाईलला लावायला माझ्याकडेच आली होती. तीस ऑक्टोबरला. माझ्या नावाच्या खालचं नाव तुमचं."

म्हणजे बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी.

"मला सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"सांगणार होते. पण पाय खाताना तुम्ही इतके खूश दिसत होतात. म्हटलं, खाऊ दे."

"मग अठरा तारखेला ते कागद घेऊन का आलात? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं."

"बघायला."

"काय बघायला?"

त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली. दातांनी तोडली.

"ते टोक धरा जरा," म्हणाल्या. मी धरलं. खोकं खाली फाटकापर्यंत नेलं. फाटकाशी त्यांनी माझा दंड थोपटला, जसा हमालाचा थोपटतात.

मंगळवार, १७ डिसेंबर

बाल्बींना विनंतीपत्र. दोन दिवस लिहिलं. छप्पन्न करार, एकही रजा नाही, मार्गदर्शिका. शेवटी: 'आपल्या कृपाळू उत्तराच्या प्रतीक्षेत.'

क्षणात परत आलं. 'हा समारोप पाठवणाऱ्याच्या श्रेणीस अनुज्ञेय नाही. पाहा: पान ११, परिच्छेद ४.'

'सस्नेह' केलं. परत. श्रेणी तीन व वरील.

'सादर' केलं. परत.

शेवटी खाली काहीच न लिहिता पाठवलं. गेलं.

मार्गदर्शिका पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. पळवाट शोधत होतो. चूक शोधत होतो. एकही नाही. चोख काम आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

उत्तर नाही. उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते.

नाताळचे पानेतोन केक वाटले. खोक्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. शेर्ली दोन घेऊन आली.

"सेन्योरा सेनोबियांचाही तुम्हीच न्या. त्यांच्या नावाचा आधीच आला होता."

"टपालानं पाठवता येईल."

"पानेतोन टपालानं?" ती म्हणाली. "दोन सातुर्निनो, पंधरा मिनिटांवर राहतात त्या."

दोन्ही घरी आणले. आमचा कापला. दुसरा कपाटावर ठेवलाय.

मंगळवार, ३१ डिसेंबर

टेबल रिकामं केलं. वही, चष्म्याचं घर, बिशपांच्या कार्यालयाकडून आलेलं एक पत्र, ज्याच्या शेवटी माझ्या शैलीचं कौतुक आहे. वर काय आहे ते आज पहिल्यांदा वाचलं. पाण्याचं बिल चुकलं होतं. ते दुरुस्त करा म्हणत होते. सहा वर्षांपूर्वीचं पत्र. केलं की नाही, आठवत नाही.

फाटकाशी बाल्बींची गाडी निघत होती. काच खाली झाली.

"दोन सातुर्निनो! आलिंगन, आलिंगन!"

मी पुढे झालो. हातही थोडे उचलले होते. गाडी गेली होती.

शुक्रवार, ३ जानेवारी

सरकार दर सालाला घोषवाक्यासारखं एक नाव देतं; नव्या वर्षाचं जाहीर झालं. यंदा फार लांब आहे. पत्रांच्या माथ्यावर दोन ओळी खाईल; दुसरी ओळ मधोमध आणायला हवी, नाहीतर शिक्का वर चढतो. हे शेर्लीला कुणीतरी सांगायला हवं.

पानेतोन अजून कपाटावर. ग्रिमानेसा येता-जाता त्याला विचारते, "काय, आज तरी जाणार का?" मला विचारत नाही.

अकराच्या सुमारास फोनवर निरोप आला. सवयीनं आधी शेवट पाहिला.

'तुमची कोमाद्रे.'

ही कुठल्याच श्रेणीत नाही. आमच्या दोघांचा हिशोब मांडला तर वर, मी जिना बदलला ते सगळे आठवडे. खोकं. 'काहींना.' आणि खाली हे. बराच वेळ तेवढीच ओळ बघत बसलो.

उत्तर लिहायला घेतलं. प्रथम लिहिलं की मी तेव्हा जे म्हणालो ते माझ्या अधिकारकक्षेच्या मर्यादेत होतं. खोडलं. मग लिहिलं, मला माहीत होतं. ते ठेवलं. मग त्याच्या खाली काय लिहावं यावर एक तास गेला. 'सस्नेह' निर्लज्ज वाटलं. 'सादर' तर त्यांना मीच दिलं होतं. 'तुमचा कोम्पाद्रे' लिहिण्याचा अधिकार आपल्याला उरलाय का, ते ठरेना.

ग्रिमानेसा मागून वाचत होती. "बाई बोलावतायत. जायचं की नाही तेवढं कळव."

"कुठे बोलावतायत?"

तिनं फोन माझ्या हातातून घेतला, वर सरकवला, परत दिला. वर मजकूर होता: 'कोम्पाद्रे, आता दर रविवारी दारात अदोबोच्या रश्श्याचं पातेलं विकायला लावते. परवा सकाळी सहाला या, संपायच्या आत. भांडं घेऊन या. ग्रिमानेसाबाईंना आणा. आणि माझा पानेतोन आणा, तो तुमच्याकडे आहे असं शेर्ली म्हणाली.'

मी पाठवलं: 'मला माहीत होतं. तेव्हा सांगितलं नाही.' आणि काहीतरी शेवट हवा म्हणून, 'परवा किती वाजता?'

उत्तर लगेच आलं.

'सहा. वर लिहिलंय. मजकूर वाचत जा हो, नुसता शेवट काय बघता.'